एक यूयूआयडी, दोन ड्राइव्ह

[दृश्य : उघडं कॅबिनेट. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क, शेजारी नवी १ टीबीची एसएसडी.]

जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवायला, म्हणजे क्लोन करायला, लिनक्सची डीडी ही कमांड वापरलीय. ती काही निवडत नाही. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जे सापडेल ते उतरवत जाते : फाइली, मोकळी जागा, डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष. त्यातच फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, तोही येतो.

[क्लोज-अप : हेक्स एडिटर.]

ही पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग. तिच्यावर ईएक्सटी-४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम आहे. सुरुवातीचे ११२८ बाइट सोडा. पुढचे हे १६ बाइट म्हणजे यूयूआयडी. १२८ बिट, ३२ हेक्स अंक. आता एसएसडीवर तीच जागा बघा. एका अंकाचाही फरक नाही.

लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही ड्राइव्हची नावं बूटगणिक बदलू शकतात, म्हणून एफएसटॅब फाइलीत, म्हणजे काय कुठे माउंट करायचं (वापरासाठी जोडायचं) त्या यादीत, पार्टिशन यूयूआयडीनं नोंदवतात. तोच दोन ठिकाणी निघाला, तर कुठली पार्टिशन माउंट होईल याचा भरवसा नाही.

यात एक्सएफएस ही फाइल सिस्टिम सगळ्यात प्रामाणिक. मूळ पार्टिशन माउंट असेल तर कॉपी माउंट करायला ती साफ नकार देते; डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत, ‘डुप्लिकेट यूयूआयडी’ असं कारणही दिसतं. ईएक्सटी-४ मात्र गप्प. मशीन सुरू होतं, डेस्कटॉप येतो, आपण खूश. प्रत्यक्षात काम चाललेलं असतं जुन्या डिस्कवर. पुढे कधीतरी ती डिस्क फॉरमॅट होते आणि मधल्या काळातलं सगळं काम तिच्याबरोबर जातं. म्हणून क्लोननंतर पहिल्याच बूटला फाइंडमाउंट ही कमांड चालवा आणि रूट, म्हणजे सिस्टिमचं मूळ फोल्डर, कुठून माउंट झालंय ते बघा.

बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमशी तर खेळूच नका. तिथे कर्नल ड्राइव्ह ओळखतो तोच या नंबरवरून. दोन्ही ड्राइव्ह जोडलेले असताना माउंट केलं, तर डेटा खराब होऊ शकतो.

[दृश्य : सॅटा केबल काढणारा हात.]

जुनी डिस्क काढूनच टाकायची असेल, तर यूयूआयडी बदलायच्या भानगडीत पडू नका. मशीन बंद करा, जुनीची केबल काढा, मगच सुरू करा.

दोन्ही ठेवायच्या असतील तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करा आणि नंबर बदला तो कॉपीचा. कॉपी कुठली? ड्राइव्हची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडला मॉडेल आणि सिरियल दाखवायला सांगा, ड्राइव्हवरच्या स्टिकरशी ताडून बघा. इथे घाई केली की मूळच बदललं जातं.

[पडद्यावर टर्मिनल.]

पार्टिशन अनमाउंट असू द्या. ईएक्सटी-४ साठी आधी ई-टू-एफएस-सीके, वजा एफ. मग ट्यून-टू-एफएस, वजा कॅपिटल यू, रँडम. एक्सएफएससाठी एक्सएफएस-अ‍ॅडमिन, वजा कॅपिटल यू, जनरेट. लॉग अर्धवट असल्याची तक्रार आली, तर एकदा नोयूयूआयडी पर्याय देऊन माउंट करा, अनमाउंट करा आणि पुन्हा चालवा. स्वॅपचाही, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून राखलेल्या पार्टिशनचाही, वेगळा यूयूआयडी असतो. तो स्वॅपलेबलनं बदलतो.

जीपीटीचे, म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनच्या तक्त्याचे, नंबर याहून निराळे. त्यांना जीयूआयडी म्हणतात. एसजीडिस्क, वजा कॅपिटल जी दिलं की डिस्कचा आणि सगळ्या पार्टिशनचे जीयूआयडी नवे होतात. मात्र नवी डिस्क मोठी असल्यानं जीपीटीची बॅकअप प्रत मध्येच अडकलेली असते. म्हणून आधी वजा ई देऊन ती शेवटाला न्या.

नंतरची पायरी हमखास राहते. कॉपीच्या एफएसटॅबमध्ये नवे यूयूआयडी भरा. डेबियन-उबुंटूवर सीएचरूट करून, म्हणजे लाइव्ह यूएसबीवरून कॉपीच्या सिस्टिममध्ये शिरून, अपडेट-ग्रब (बूट मेन्यूसाठी) आणि अपडेट-इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या सिस्टिमसाठी) चालवा. नाहीतर कॉपीवरचा कर्नल जुनाच नंबर शोधत जुन्या डिस्कवरचं रूट माउंट करतो. ती डिस्क काढलेली असेल तर हा असा काळा पडदा, इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट आणि वर ओळ : अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही.

विंडोजवर एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता असलेल्या, डिस्कची सही (ओळख क्रमांक) ४ बाइटांची असते. दोन सह्या जुळल्या की दुसरी डिस्क ऑफलाइन राहते. तिला घाईनं ऑनलाइन करू नका. विंडोज तिच्यावर नवी सही लिहून टाकतं, पण तिच्या बूट नोंदींमध्ये जुनीच असते. मग त्या डिस्कवरून बूट होत नाही.

[क्लोज-अप : फाइंडमाउंटचं उत्तर. रूटसमोर एसएसडीची पार्टिशन आणि तिचा नवा यूयूआयडी.]