पुण्याचा पाऊस फाइलीत कुठे असतो?

(दृश्य: शिवाजीनगर. सिमला ऑफिसची इमारत, समोरून वाहती रहदारी.)

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं आणि या इमारतीला ‘सिमला ऑफिस’ हे नाव चिकटलं ते कायमचं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण पावसाचा हिशेब ठेवण्याचं काम पुण्यात चालूच राहिलं. १९०१ पासूनचा देशभरातला रोजचा पाऊस खात्याने चौकटींच्या जाळ्यात बसवला आहे. वर्षाला एक फाइल. उघडली की आत नुसते आकडे. ना गावाचं नाव, ना तारीख.

मग पुण्याचा पाऊस काढायचा कसा?

कॉलेजात ॲरे, म्हणजे एका नावाखाली क्रमाने ठेवलेले आकडे, शिकवायला पाच विद्यार्थ्यांचे मार्क घेतात. सिलॅबस पुरा होतो, पण ॲरे लागतो कशाला ते डोक्यात शिरत नाही. त्यापेक्षा ही फाइल घ्या. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत ती एका ओळीत मावते:

फ्लोट पाऊस[३६५][१२९][१३५];

आधी प्रकार (फ्लोट म्हणजे दशांशाचा आकडा), मग नाव, मग कंसांत मापं: दिवस, अक्षांश, रेखांश. अक्षांश ६.५ पासून सुरू, रेखांश ६६.५ पासून, दोन्ही पाव-पाव अंशाने पुढे सरकतात. पुण्याला सगळ्यांत जवळचा बिंदू १८.५ उत्तर, ७३.७५ पूर्व. १८.५ मधून ६.५ गेले, उरले १२. पाव अंशाची पावलं ४८. रेखांशाची तशीच २९. मोजणी शून्यापासून, म्हणून १५ जून हा वर्षाचा १६६ वा दिवस असला तरी लिहायचं:

पाऊस[१६५][४८][२९]

(दृश्य: स्क्रीनवर आकड्यांची लांबच लांब रांग.)

मेमरीत मात्र सगळे आकडे एकाच रांगेत असतात. कॉम्प्युटर शोधत बसत नाही, गुणाकार करतो. त्या दिवसाच्या सुरुवातीपासून ४८ गुणिले १३५, अधिक २९, म्हणजे ६५०९ आकडे सोडायचे. एक आकडा ४ बाइटचा, तेव्हा २६,०३६ बाइट पुढे. जानेवारी असो की डिसेंबर, मेहनत तेवढीच.

आता ४८ आणि २९ यांची अदलाबदल करा. एरर येत नाही. प्रोग्राम निमूटपणे आंध्रातल्या मदनपल्लीकडचा पाऊस पुण्याच्या नावावर खपवतो. दिवसाच्या जागी ३६५ टाकलं, तरी सी अडवत नाही. ॲरेच्या बाहेर जे काही पडलं असेल ते उचलायला जातं. जावा ही दुसरी भाषा मात्र तिथल्या तिथे थांबवते.

आणखी एक. हा ॲरे अडीच कोटी बाइटांचा आहे. मेनच्या, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या, आत असाच जाहीर केला, तर स्टॅक (फंक्शनसाठी राखलेली मर्यादित मेमरी) बहुधा पुरत नाही आणि प्रोग्राम कोसळतो. ओळीच्या सुरुवातीला ‘स्टॅटिक’ लावलं की ॲरे स्टॅकबाहेर ठेवला जातो आणि भागतं.

लीप वर्षी पहिलं माप ३६६ करायचं. त्या वर्षी १६५ वर १४ जून सापडतो.

समुद्रावरच्या आणि देशाबाहेरच्या चौकटींत आकडा असतो उणे ९९९. तो गाळायला विसरलात, तर देशाचा सरासरी पाऊस उणे येतो. एका अर्थी बरंच, ही चूक निदान दिसते तरी. मदनपल्लीची दिसत नाही.