एकाच उन्हातले वेगवेगळे सरडे

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरचा उन्हाळा सोलापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र पारा ४२ अंशांपुढे गेल्यावर, ज्यांना शरीरातून पुरेशी उष्णता निर्माण करता येत नाही आणि घामही येत नाही, ते सरडे काय करत असतील, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. हवा जितकी गरम तितकेच त्यांचे शरीर गरम, असा आपला समज असतो. १९४४ साली काऊल्स आणि बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी वाळवंटी सरड्यांचा अभ्यास करून दाखवून दिले की, ऊन-सावलीत ये-जा करून हे प्राणी आपले तापमान बऱ्यापैकी ठरावीक मर्यादेत राखतात.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गळ्याखालची रंगीत कातडी पंख्यासारखी फुलवणारा सरडा राहतो. सकाळी तो दगडावर अंग चपटे करून सूर्याकडे कूस करतो. ऊन चढले की पायांवर शरीर उचलून धरतो, तोंड सूर्याकडे वळवतो, जेणेकरून कमीत कमी कातडीवर ऊन पडावे, आणि तेही पुरेनासे झाले की झुडपाच्या बुंध्याशी शिरतो. बागेतला सरडा हाच प्रश्न झाडावर सोडवतो, कारण तापलेल्या जमिनीपासून हातभर वर गेले तरी हवा बरीच सुसह्य असते. सापसुरळीला पाचोळ्यातच ऊन आणि सावली दोन्ही हाताशी मिळतात. घरातली पाल तर सूर्याच्या वाट्यालाच जात नाही; दिवसभर तापलेली भिंत रात्री जी ऊब सोडते, तिच्यावर तिचे भागते.

तापमान राखण्याची ही खटपट फुकट होत नाही. उघड्यावर बसलेला सरडा शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याला दिसतो, आणि ये-जा करण्यात गेलेला वेळ किडे टिपण्यातून वजा होतो. १९६१ साली रुइबाल या संशोधकांनी क्युबातील ॲनोलिस सरड्यांविषयी जे मांडले, ते म्हणूनच मला फार महत्त्वाचे वाटते: मोकळ्या जागी राहणाऱ्या जाती ऊन खातात, तर त्याच बेटावरच्या दाट सावलीतल्या जाती ऊन शोधतच नाहीत, हवेचे तापमान निमूट स्वीकारतात. जंगलात उन्हाचे कवडसे इतके विरळ असतात की त्यांच्यामागे धावणे परवडत नाही. या जाती एकमेकींना अडथळा न होता शेजारी राहतात, त्यात अन्नाइतकाच या उष्णतेच्या वाटणीचाही हात असावा, असे मानायला जागा आहे.

हवामान तापते आहे, तेव्हा सावली वाढवावी हा विचार शहरात योग्यच आहे. माळरानावर मात्र तो जपून लागू करावा लागेल. गवताळ माळावर सरसकट झाडे लावली, तर बागेतल्या सरड्याची सोय होईल. पण ज्याला सकाळचे मोकळे ऊन आणि बसायला उघडा दगड लागतो, त्या माळावरच्या सरड्याचे घरच जाईल.