छाटणी कधी?

(पहाट. दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. कॅमेरा काडीवरच्या एका डोळ्यावर.)

हा डोळा. छाटणीनंतर तो फुटावा म्हणून याला पेस्ट लागेल, तो फुगेल, पोंगा म्हणजे कोवळा फुटवा निघेल. फुलोरा पावसात सापडणार की निभावणार, हे बरंचसं छाटणीच्या तारखेवर ठरतं.

ही तारीख ठरवतं कोण? कुणालाही विचारा, ‘मीच की!’ पण सप्टेंबर सरता सरता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडतो. नावाजलेल्या बागेत कात्री चाललीय. खाली विचारणा: ‘भाऊ, घेतली का?’ दोन दिवसांत मजुरांची टोळी मिळेनाशी होते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक मायकल कर्न्स यांनी असाच पेच प्रयोगशाळेत मांडला. 2009 साली त्यावरचा शोधनिबंध आला. 36 जण, प्रत्येकापुढे संगणक. लाल की निळा, एवढंच निवडायचं. मिनिटभरात सगळ्यांचा रंग एक झाला तर सगळ्यांना पैसे, एक जरी अडून बसला तरी सगळ्यांचे हात रिकामे. त्यात काहींना लालवर जास्त पैसे, काहींना निळ्यावर. आणि पडद्यावर दिसायचे ते फक्त आपल्याशी जोडलेल्यांचे रंग. अख्खा डाव कुणालाच दिसत नव्हता.

जास्त लोकांना हवा तो रंग जिंकणार, असंच वाटेल. पण मोजक्याच, मात्र पुष्कळांशी जोडलेल्या मंडळींना दुसरा रंग हवा असला, की बाकीचे हळूहळू त्यांच्याकडे वळायचे. ‘सगळे तिकडेच चाललेत’ असं वाटायचं. सगळे म्हणजे कोण? पडद्यावर दिसणारे चार-दोन.

2017 मध्ये याच विद्यापीठातल्या डेमन सेंटोला आणि सहकाऱ्यांनी लोकांना अंदाज बांधायला लावले. प्रत्येकाच्या ओळखी सारख्याच संख्येनं असल्या, तर एकमेकांचं बघून गटाचा अंदाज सुधारला. सगळ्यांशी जोडलेला एकच जण मधोमध बसवला, की गट त्याच्या बाजूला झुकला. तो चुकला, तर गटही चुकीकडेच सरकला.

आता आपल्याकडची गोष्ट. फोटो टाकणारा काही मूर्ख नसतो. त्याच्या बागेवर प्लास्टिकचं आच्छादन असतं, अवकाळी आला तरी त्याचं भागतं. फोटोत कात्री दिसते, वरचं प्लास्टिक चौकटीबाहेर राहतं. मला तरी यात ग्रुपपेक्षा त्या चौकटीचाच दोष जास्त वाटतो.

(संध्याकाळ. ओटा. फोन वाजतो.)

‘काका, तुम्ही कधी घेताय?’

‘बघतो अजून दोन दिवस,’ म्हणत काका फोन ठेवतात, चपला सरकवतात आणि रस्त्यापलीकडच्या बागेत मजूर उतरलेत का ते बघायला बांधावर जातात.