हवेतल्या कोळशाचं वय

मंडळी, मघाशी मागून एका काकाजींनी विचारलं, "हवामान तं आधीपासूनच बदलत आलं ना, मंग आता मानसाचाच दोष काऊन?" प्रश्न रास्त आहे. आज त्याच्यावरच बोलतो.

हवामान बदलत आलं, हे खरंच. पुरावा लांब शोधायला नको. आज मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो त्या आपल्या चंद्रपूरकडे जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या. तालचीर नावाच्या जुन्या खडकांच्या थरांतल्या दगडांत त्यांच्या खुणा आहेत. बर्फ गेला, दलदलीची जंगलं आली, त्यांचाच वणी-घुग्गुसचा कोळसा झाला. पुढे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला. तो खडक झिजून आपली कपाशीची काळी माती झाली. यात माणूस कुठेच नव्हता.

पण वीज पडूनही जंगल पेटतं, म्हणून तेंदूपत्त्यासाठी लावलेली आग विजेच्या नावावर टाकता येत नाही. तपासावंच लागतं.

तसा तपास झालेला आहे. सूर्यावर १९७८पासून उपग्रहांची नजर आहे. तापमान चढत गेलं, सूर्याची ऊर्जा मात्र चढली नाही. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय. पृथ्वीच्या कक्षेतले फेरफार हजारो वर्षांच्या चालीनं होतात, दीडशे वर्षांत नाही.

आता कोळसा. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत २८० होता, तो ४२०च्या वर गेला. ही भर आपली कशावरून? जिवंत झाडात हवेतून घेतलेला कार्बन-१४ नावाचा कार्बन असतो. झाड मेलं की तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो उरतच नाही. तो कोळसा जाळला की हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण पातळ होतं. हान्स स्यूस या शास्त्रज्ञानं १९५५मध्ये लाकडाचे नमुने तपासून नेमकं हेच दाखवलं. कोणी म्हणेल, ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. बरोबर. पण जळताना ऑक्सिजन खर्च होतो, आणि हवेतला ऑक्सिजन किंचित घटताना मोजला गेलाय. श्वासाला कमी पडेल इतका नाही, पण हिशेब जुळेल इतका नक्की. त्यातही सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी.

म्हणून पावसाचा प्रत्येक खंड माणसानंच आणला, असं मी म्हणणार नाही. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस बिघडवणारा फेरा, निसर्गाचाच आहे. पण तो आता आधीच तापलेल्या पृथ्वीवर येतो, आणि तापलेली हवा जास्त बाष्प धरते. पडला की पाऊस कोसळतो आणि उभं सोयाबीन पाण्याखाली जातं.

आणि "माणूस" म्हणजे तरी कोण? आजवर जगानं जाळलेल्या कोळसा-तेलातून निघालेल्या वायूपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. कोरडवाहू पाच एकरवाल्याचा त्यात वाटा तो किती! तेव्हा नुकसानभरपाई मागायला गेल्यावर "निसर्गापुढे कोणाचं चालतं" असं ऐकवून कोणी परत पाठवू लागलं, तर हा तपास त्यांच्यासमोर ठेवा आणि पंचनामा करून घेतल्याशिवाय उठू नका.