कूलरचा प्रश्न आणि नाहीशी होणारी सावली

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला, तरी एका मुलाला मी दिलेले एक उत्तर अजून मनातून जात नाही, आणि आजचे बोलणे मी तिथूनच सुरू करणार आहे.

जुलै महिना होता. पाऊस नुकताच थांबला होता, हवा दमट होती आणि वर्गातील कूलर पूर्ण वेगाने फिरत असूनही कोणाचा घाम वाळत नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातून येऊन महाल भागात खोली करून राहणारा एक मुलगा उष्णतेचा धडा चालू असताना उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतानाही कूलर खोली गार करत होता. आता तापमान तेवढे नाही, मग आता कूलर गार का करत नाही?" माझ्या डोळ्यांसमोर राहिलेला अभ्यासक्रम होता आणि पुढच्या आठवड्यातील चाचणी होती. मी म्हणाले, "हे परीक्षेत येत नाही. बस खाली." तो बसला. वर्षभरात त्याने मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही शिकत होतो त्याच धड्यात होते. शंभर अंशांवरील एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास 540 कॅलरी उष्णता लागते, हा आकडा त्याला पाठ होता. कूलरच्या ताटीवरून, म्हणजे बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळीवरून, झिरपणारे पाणी बाष्प होण्यासाठी लागणारी उष्णता ताटीतून आत येणाऱ्या हवेकडूनच घेते आणि म्हणून ती हवा गार होते. मात्र त्यासाठी हवेत आणखी बाष्प सामावण्याइतकी जागा असावी लागते. आपल्याकडील मे महिन्याची हवा कोरडीठाक असते, ती ताटीतले पाणी भराभर शोषते. जुलैची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे ताटीतले बरेचसे पाणी ताटीतच राहते आणि पंखा खोलीत नुसता दमटपणा फेकत राहतो. दारावर वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडणाऱ्या आपल्या आजीला हे अनुभवाने ठाऊक होते. हे समजावून सांगायला मला पाच मिनिटे पुरली असती. ती पाच मिनिटे मी दिली नाहीत, याची खंत मला आजही वाटते.

अभ्यासाचा ताण आपण बहुतेक वेळा गुणांवरून ओळखू पाहतो. गुण घसरले की पालक धावत शाळेत येतात. माझा अनुभव असा आहे की गुण घसरण्याच्या कितीतरी आधी मुलाचे प्रश्न थांबतात. पाचवी-सहावीत आकाश निळे का, विजेचा आवाज नंतर का येतो, संत्र्याची साल मेणबत्तीजवळ पिळली तर ठिणग्या का उडतात, असे विचारून घर डोक्यावर घेणारे मूल अकरावीत गेल्यावर फक्त एवढेच विचारते की हे परीक्षेला आहे का. घरातील मोठ्या माणसांना तेव्हा बरे वाटते, मूल गंभीर झाले असे वाटते. त्या वेळी थांबून त्याच्याकडे पाहावे, असे मला पालकांना अगदी कळकळीने सांगायचे आहे.

परीक्षा खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडून शेतीच्या पैशांवर इथे शिकायला आलेल्या मुलाला परीक्षेकडे दुर्लक्ष कर असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत 180 प्रश्न आणि 720 गुण असतात, आणि 2025 मध्ये त्यासाठी 180 मिनिटे होती, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. त्या मिनिटाचा सराव करावाच लागतो. पण ज्या प्रश्नाला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो तो सोडून पुढे जायचे, ही सवय दोन वर्षे रोज, सकाळच्या क्लासपासून रात्रीच्या टेस्ट सिरीजपर्यंत मनाला लावली, की परीक्षेबाहेरचेही सगळे प्रश्न मन तसेच सोडून देऊ लागते. कूलरचा प्रश्न एका मिनिटात सुटत नाही. घरापासून दूर खोलीत एकटे राहताना पोटात उठणाऱ्या भीतीचा प्रश्न तर मुळीच सुटत नाही.

इथे मला कथा-गोष्टींबद्दल बोलायचे आहे. बारावीतील एक विद्यार्थिनी रसायनशास्त्राच्या वहीखाली विज्ञानकथांचे पुस्तक ठेवून वाचत असे. तिच्या आईने ते पुस्तक काढून घेतले आणि मला दाखवायला आणले. मी मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, कृष्णविवराजवळ काळ मंद होतो असे धड्यात वाचले असते तर मी ते पाठ केले असते. गोष्टीत वाचले, तेव्हा मात्र मला रात्री झोप आली नाही." पाठ्यपुस्तक आधी उत्तर देते आणि मग त्यावर प्रश्न विचारते, गोष्ट आधी माणसाला संकटात टाकते, आणि त्यातून सुटायला विज्ञान किती उपयोगी पडेल हे वाचणाऱ्याला स्वतःच शोधावेसे वाटते. त्या आईला मी पुस्तक परत देण्याची विनंती केली. तिने ते दिले, याबद्दल मी त्या माउलीची ऋणी आहे.

जयंत नारळीकर यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली पहिली विज्ञानकथा पाठवली, तेव्हा ते जगाला ठाऊक असलेले खगोलशास्त्रज्ञ होते. परीक्षकांवर आपल्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले, आणि त्या अनोळखी नावाच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. गोष्ट लिहिणे हे विज्ञानातून काढलेल्या वेळेचे काम आहे असे त्यांना वाटले नाही, हे गोष्टीचे पुस्तक हिसकावून घेणाऱ्या प्रत्येक घराने लक्षात घ्यावे.

गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात आपली मुले शाळेच्या सहलीबरोबर एकदा जातात आणि नंतर सहसा फिरकत नाहीत. ज्यांचे नाव त्या केंद्राला दिले आहे, ते चंद्रशेखर वेंकट रमण 1910 च्या सुमारास काही काळ नागपुरातच सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते. वय अवघे बावीस, दिवसभर जमाखर्चाचे काम, आणि राहत्या घराच्या एका भागात त्यांनी प्रयोगांसाठी जागा केली होती. पुढे 1928 मधील शोधासाठी 1930 साली त्यांना नोबेल मिळाले. मला मात्र नोबेलपेक्षा ती नागपुरातील घरातली जागा अधिक महत्त्वाची वाटते, कारण तेवढी जागा, तेवढा अर्धा तास, आपल्यालाही मुलांना देता येतो.

आणि ज्या घरात मूल नीट झोपत नाही, डबा तसाच परत आणते, बोलणे टाकते किंवा आपल्या असण्याचा काय उपयोग असे बोलून दाखवते, त्या घराने निकालाची वाट पाहू नये. त्याच्याजवळ बसावे, डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. मुलांनो, हा क्रमांक तुम्ही स्वतःही लावू शकता, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

प्रवेश परीक्षा संपलेली आणि निकाल अजून न लागलेला, असे मे महिन्याचे शेवटचे दिवस मुलांना सर्वांत जड जातात. नेमक्या त्याच दिवसांत, 26 मेच्या आसपास, नागपुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे 21.15 अक्षांशावर आहे, म्हणून हे इथे घडते; दिल्लीला ते कधीच दिसत नाही. जुलैच्या मध्यावर ते पुन्हा घडते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. मे महिन्यात सावली नाहीशी होते, त्या वेळी घड्याळात मात्र बारा वाजलेले नसतात, तर बारा वाजून दहा-अकरा मिनिटे झालेली असतात. असे का, ते मी आज सांगणार नाही. भारतीय प्रमाणवेळ कोणत्या रेखांशावरून ठरते आणि नागपूर त्याच्या किती पश्चिमेला आहे, हे नकाशात पाहा आणि आकडेमोड करा. तुमचे उत्तर सुमारे तीन मिनिटांनी जास्त येईल; तो फरक पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यामुळे पडतो.

गच्चीवर स्टीलचा सरळ उभट पेला सपाट जागी पालथा ठेवा, डोक्यावर दुपट्टा घ्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि बाराला पाच मिनिटे कमी असताना वर जा. आई-बाबांनाही सोबत न्या. सावली दर दोन मिनिटांनी खडूने आखत राहा. त्या दिवशी ढग आले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा; एका दिवसाने फार फरक पडत नाही.

नमस्कार.