चार वर्षं दबा धरून बसलेला डेडलॉक

२६ एप्रिल २००४. कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली. 'टॉलेमी टू' नावाचा, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम चालता चालता अडकला. घाटातल्या अरुंद वळणावर दोन एसटी समोरासमोर याव्यात आणि दोन्ही ड्रायव्हरांनी समोरचा गाडी मागे घेईल म्हणून वाट बघत बसावं, तसे आत थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, एकमेकांसाठी खोळंबले होते. याला डेडलॉक म्हणतात.

हा कोड कुणी घाईत खरडलेला नव्हता. प्राध्यापक एडवर्ड ली यांच्या गटाने २००० च्या सुरुवातीला तो लिहायला घेतला. कोड किती पक्का झालाय हे सांगण्यासाठी लाल, पिवळा, हिरवा, निळा अशा चार पायऱ्या ठरवल्या. डिझाइनची आणि कोडची छाननी केली, छाननीला समांतर चालणाऱ्या कोडचे जाणकार बसवले. टेस्ट अशा लिहिल्या की कोडचा शंभर टक्के भाग त्यांच्याखालून जावा. त्या रोज रात्री दोन प्रोसेसरच्या मशीनवर चालायच्या; गटातल्या सगळ्यांच्या कामाच्या मशीनना एकच प्रोसेसर होता, आणि दोन्हींकडे थ्रेड वेगवेगळे वागायचे. एवढं करूनही चूक चार वर्षं कुणाच्या नजरेला पडली नाही.

कशी पडणार? टेस्टमध्ये ओळ चालते, पण दोन थ्रेडच्या ओळी एकमेकींत कोणत्या क्रमाने मिसळतील, ते दर वेळी निराळं असतं. असे क्रम मोजायला गेलं तर मोजता मोजता आयुष्य सरेल.

आता जरा जवळून बघू. एक ऑब्जेक्ट आहे, म्हणजे डेटा आणि तो हाताळणारा कोड यांची एक डबी. त्यात एक किंमत साठवलीय. ती बदलली की कळवा, असं सांगून काही श्रोते, म्हणजे दुसरे ऑब्जेक्ट, नाव नोंदवतात. जावा शिकणारा प्रत्येक जण हा नमुना कधी ना कधी लिहितोच. एकच थ्रेड असेल तर तो बिनचूक चालतो. दोन थ्रेड आले की आपण मेथडच्या (ऑब्जेक्टमधल्या कोडच्या तुकड्याच्या) आधी 'सिंक्रोनाइज्ड' लिहितो, म्हणजे दाराला कुलूप लावतो. पण कुलूप हातात धरूनच आपण श्रोत्याला हाक मारतो. त्या श्रोत्याला दुसऱ्या एखाद्या ऑब्जेक्टचं कुलूप हवं असेल, आणि ते ज्या थ्रेडकडे आहे तो नेमका आपल्याच दाराशी उभा असेल, तर दोघेही तिथेच थिजले.

मग यावर तोड म्हणून कुलूप असताना फक्त श्रोत्यांची यादी उतरवून घ्यायची, आणि कुलूप सोडल्यावर हाका मारायच्या. डेडलॉक टळला. पण पहिल्या थ्रेडने किंमत १० केली, लगेच दुसऱ्याने २० केली, आणि दुसऱ्याची हाक आधी पोचली तर? ऑब्जेक्टमध्ये २० आहे आणि श्रोता १० धरून बसलाय. जेमतेम डझनभर ओळींचा हा कोड, आणि अनुभवी माणसालाही तो छातीठोकपणे बरोबर म्हणता येत नाही.

मला वाटतं, दुखणं इथेच आहे. ऑब्जेक्टच्या भिंती आपण डेटा जपण्यासाठी बांधल्या. थ्रेड त्या भिंतींना जुमानत नाही. तो या ऑब्जेक्टमधून त्या ऑब्जेक्टमध्ये सर्रास फिरतो, आणि कोण कधी आत येईल याचा ऑब्जेक्टला पत्ता नसतो.

खरं तर समांतर कामाचे गणिती आराखडे जावाच्या कितीतरी आधीचे. १९७३ मध्ये कार्ल हेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅक्टर, म्हणजे एकमेकांना निरोप पाठवत स्वतंत्र चालणारे घटक, मांडले, १९७८ मध्ये टोनी होअर यांनी निरोपांतून बोलणाऱ्या प्रक्रिया. या दोघांच्या मधे, १९७४ मध्ये, फ्रान्सच्या झील कान यांनी दाखवलेली गोष्ट मला फार सुंदर वाटते. प्रक्रियांना फक्त रांगांनी जोडा, रांग रिकामी असेल तर वाचणाऱ्याने थांबायचं एवढाच नियम पाळा. मग कुठली प्रक्रिया आधी चालली, कुठली नंतर, याने उत्तरात काडीचाही फरक पडत नाही. आणि हे सिद्ध करता येतं.

टॉलेमीचा सगळा खटाटोप हे आराखडे ऑब्जेक्टच्या जगात आणण्यासाठीच होता. तिथे अॅक्टर हा जावाचा क्लासच (ऑब्जेक्टचा साचा) असतो, एका क्लासवरून दुसरा बेतणं वगैरे सगळं नेहमीसारखं. पण अॅक्टर एकमेकांच्या मेथडना हाका मारत नाहीत, पोर्टमधून, म्हणजे ये-जा करायच्या ठरलेल्या खिडक्यांमधून, डेटा पाठवतात. ते कधी चालायचे, कधी थांबायचे, हे 'डायरेक्टर' नावाचा वेगळा ऑब्जेक्ट ठरवतो. डायरेक्टर बदलला की कानचा नियम जाऊन होअरचा येतो, आणि अनेकदा अॅक्टरच्या कोडला हातही लावावा लागत नाही. अडकला तो या इमारतीचा पाया, कारण तो थ्रेड आणि कुलपांवर बांधलेला होता. ली यांनी २००६ मध्ये एका लेखात आपल्या गटाची ही चूक तारखेनिशी छापली. याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

त्याच लेखात त्यांनी श्रोत्यांचा तो नमुना पुन्हा मांडलाय, या वेळी आकृतीत. डावीकडे किंमत पाठवणारे दोन अॅक्टर. त्यांच्या रेषा मधल्या 'मर्ज' नावाच्या चौकटीत येतात. मर्ज एका वेळी एकाचीच किंमत घेतो आणि ती साठवणाऱ्याला व श्रोत्याला, दोघांनाही देतो. दोघांनी घेतल्याशिवाय पुढची किंमत आत येत नाही. आधी १० येईल की २०, हे इथेही आधी सांगता येत नाही; पण जो क्रम साठवणाऱ्याला दिसेल, तोच श्रोत्याला दिसेल.