आधी झेरॉक्स, मग भांडण

नमस्कार मंडळी. मी वकील आहे, ग्राहक आयोगात केसेस चालवते आणि त्यातल्या बऱ्याचशा हॉस्पिटलच्या असतात. माझ्याकडे माणसं येतात ना, तेव्हा हातात एक कॅरीबॅग असते, कपड्याच्या दुकानाची नाहीतर मेडिकलवाल्याची, तिच्यात रक्ताचे रिपोर्ट, एक्सरे, औषधांची बिलं, एखाद्या बिलावर चहाचा डाग, सगळं कोंबलेलं. ती बॅग टेबलावर पालथी झाली की मी एकच विचारते, इनडोअर केस पेपर कुठाय? तो नसतो. डिस्चार्ज कार्ड असतं, पण ते काय, सगळं झाल्यावर शेवटी लिहिलेलं. खरी हकीकत केस पेपरमध्ये असते, बीपी किती वाजता घसरलं, सिस्टरनी फोन कधी केला, डॉक्टर कधी आले, भूल कोणी दिली, सगळं वेळेसकट. त्याच्याशिवाय माझ्याकडे फक्त तुमचं दुःख असतं, आणि दुःख पुरावा म्हणून दाखल करता येत नाही हो.

आता पहिला प्रश्न. पेशंट गेला म्हणजे डॉक्टर चुकला का? नाही. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो पण खोटं सांगून काय उपयोग. तुम्ही डॉक्टरला फी देता ती बरं करायची गॅरंटी म्हणून नाही, नीट काळजी घेऊन उपचार करायची म्हणून. त्या जागी दुसरा एखादा साधारण, आपलं काम जाणणारा डॉक्टर असता तर त्याने काय केलं असतं, एवढंच कोर्ट बघतं. दोन डॉक्टरांची मतं वेगळी असू शकतात, एकाने ऑपरेशन सांगितलं आणि एकाने गोळ्या, म्हणून कोणी हलगर्जी ठरत नाही.

मग हलगर्जी कशाला म्हणायचं? त्याचं एक जुनं उदाहरण आपल्याच कोकणातलं आहे. गुहागर तालुक्यातलं पालशेत माहितीये ना? तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर 6 मे 1953 ला संध्याकाळी एका वीस वर्षांच्या मुलाला अपघात झाला, डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरने जमेल तेवढं बांधून दिलं आणि घरच्यांनी त्याला टॅक्सीत घालून पुण्याला नेलं, दोनशे मैल, 1953 चे रस्ते, तुम्हीच विचार करा. पुण्यात डॉक्टरांनी पूर्ण भूल न देता माणसं लावून पाय ओढून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. 9 मे ला रात्री मुलगा गेला. डॉक्टरांचं म्हणणं, मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला. वडिलांनी दावा लावला, खाली जिंकले, हायकोर्टात जिंकले, आणि 1968 मध्ये सुप्रीम कोर्टानेही डॉक्टरांचं अपील फेटाळलं. भरपाई किती, तर तीन हजार रुपये! पण त्या निकालात जे लिहिलंय ते आजही आम्ही रोज वापरतो. पेशंट घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी, या तिन्ही डॉक्टरवर असतात आणि यातली कुठलीही मोडली तर पेशंट दावा करू शकतो. पालशेतच्या त्या बापाने पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याचा फायदा आज अख्ख्या देशाला होतोय.

दुसरी केस तेव्हाच्या औरंगाबादची, सरकारी हॉस्पिटलची. 1963 मध्ये एका बाईचं बाळंतपण झालं, मग कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, आणि पोटात टॉवेल राहिला. हो, टॉवेल. परत पोट उघडून तो काढला पण ती वाचली नाही. इथे तज्ज्ञ लागतो का सांगायला? पोटात टॉवेल राहिला हेच सगळं बोलतंय. तरी हायकोर्टात घरचे हरले होते, शेवटी 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांची 36,000 रुपयांची भरपाई परत मंजूर केली आणि सरकारी दवाखाना आहे म्हणून सरकारला सुटता येणार नाही असं सांगितलं. तेहतीस वर्षं लागली. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, दोन्ही केसेस दिवाणी कोर्टातून गेल्या, तेव्हा ग्राहक कायदाच नव्हता.

तो आला 1986 मध्ये, आणि डॉक्टर त्यात येतात हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 1995 मध्ये सांगितलं. आता 2019 चा नवीन कायदा आहे, त्यातून डॉक्टर सुटले असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, आपल्या मुंबई हायकोर्टाने तो मुद्दा निकाली काढलाय. फक्त एक खाच आहे. जिथे सगळ्यांनाच सगळं फुकट, तिथल्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, आणि दहा रुपयांचा केस पेपर काढला म्हणजे फी भरली असं धरत नाहीत, तिथे दिवाणी कोर्टच. पण जे हॉस्पिटल काहींकडून पैसे घेतं आणि काहींना फुकट देतं, तिथला फुकटवाला पेशंटसुद्धा ग्राहकच. बिल इन्शुरन्सने भरलं असलं तरी ग्राहकच.

आणि नवीन कायद्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे आजचा पालशेतवाला पुण्यात ऑपरेशन करून आला तरी तक्रार रत्नागिरीत करेल, हॉस्पिटलच्या वकिलाने यावं तिकडे घाट उतरून! हॉस्पिटलला दिलेले पैसे 50 लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही. मागणी किती करता ते इथे बघत नाहीत, दिलेले पैसे बघतात. वकील सक्तीचा नाही, हे मी वकील असून सांगतेय, पण वैद्यकीय केस असेल तर घ्या बाबा कोणीतरी, समोरचे घेतातच.

लोक पहिल्यांदा पोलिसात धावतात. तिथे काय होतं सांगू का, 2005 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे डॉक्टरवर फौजदारी चालवायला साधी चूक पुरत नाही, घोर हलगर्जी लागते, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, स्वतंत्र मत घ्यावं लागतं. मेडिकल कौन्सिल डॉक्टरचं रजिस्ट्रेशन काही काळ काढून घेऊ शकते पण भरपाईचा एक रुपया देत नाही. आणि काचा फोडल्यात, हात उगारलात, तर महाराष्ट्रात 2010 पासून त्याचा वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र, वर नुकसानीच्या दुप्पट पैसे. मग आरोपी तुम्ही, आणि तुमची खरी तक्रार राहते बाजूला.

संमतीपत्राचं पण बघा. आपल्याकडे ऑपरेशनच्या दारात सिस्टर कागद पुढे करते, इथे सही करा, इथे करा, आणि आपण करतो. दिल्लीची केस होती, बाई दुर्बिणीने फक्त तपासणी करायला गेली, ती भुलीत असताना बाहेर आईची सही घेऊन गर्भाशय काढून टाकलं. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पेशंट सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नाही, मग ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं, आईची सही चालणार नाही. आपण तर नवऱ्याची, दिराची, जो बाकड्यावर बसलाय त्याची सही घेतो आणि देतो. आणखी एक, बिल राहिलं म्हणून डेड बॉडी अडवता येत नाही, 2021 मध्ये महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत ते लिहून आलंय.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षं. गेल्या खेपेला एक गृहस्थ आले, बायको गेलेली, म्हणाले मुलं म्हणाली वर्षश्राद्ध होऊ दे, मग घराचं काम निघालं, मग कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. दोन वर्षं चार महिने. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं, आणि वर्षश्राद्ध हे कारण मी कोणत्या तोंडाने पटवू? त्यात भरती पेशंटचे कागद हॉस्पिटलने तीन वर्षं ठेवायचे एवढंच बंधन आहे.

म्हणून आता पेन घ्या. अर्ज सांगते. वरती, प्रति वैद्यकीय अधीक्षक. खाली पेशंटचं नाव, आयपीडी नंबर म्हणजे भरतीचा नंबर, भरती आणि डिस्चार्जची तारीख. मग लिहा, संपूर्ण इनडोअर केस पेपर, नर्सिंग नोट्स, ऑपरेशन आणि भुलीच्या नोट्स, संमतीपत्र आणि सगळ्या रिपोर्टच्या प्रती मिळाव्यात. झेरॉक्सचा खर्च देईन. कारण लिहायची गरज नाही, शिव्या तर अजिबात नाही. दोन प्रती काढा, एक त्यांना द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. कागद 72 तासांत द्यायचे असा नियम आहे, म्हणून पोचवर तारखेबरोबर वेळ पण टाकून घ्या.